आत्मचरित्रात्मक कादंबरी वाचताना 'यातलं खरं किती?' हे विचारायचं की नाही?

जुनी_वही (धागाकर्ती)

लेखक भेटला की वाचक हमखास विचारतो, "यातलं खरं किती हो?" लेखकही ठरलेलं उत्तर देतो, "सगळंच खरं आणि सगळंच खोटं." दोघांचीही सुटका होते. मला या प्रकाराचा फार कंटाळा आलाय, म्हणून हा धागा काढतेय.

आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरून वाचतो. गाभा खरा असणार, म्हणजे दुःख, अपमान, पहिलं प्रेम, आईचा मृत्यू वगैरे. वरची सजावट तेवढी लेखकाची असणार: गावाचं नाव बदललं, काकांचा मामा केला. मला वाटतं, बऱ्याचदा हे नेमकं उलटं असतं.

टॉलस्टॉयचं 'बालपण' घ्या. १८५२ साली छापून आलेली त्याची पहिली कादंबरी. त्यात छोट्या निकोलेंकाची आई जाते. शवपेटीपाशी उभा असलेला तो मुलगा रडतोय, आणि रडता रडता आपण इतरांना किती दुःखी दिसतोय याकडेही त्याचं लक्ष आहे. त्याची त्याला लाजही वाटतेय. कोणीही म्हणेल की हे भोगल्याशिवाय लिहिताच येणार नाही. प्रत्यक्षात टॉलस्टॉयची आई वारली तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. तिचा चेहरा त्याला आठवत नव्हता. म्हणजे पुस्तकातला सगळ्यात 'खरा' वाटणारा भाग रचलेला! त्यात मासिकाच्या संपादकाने परस्पर शीर्षक बदलून 'माझ्या बालपणाचा इतिहास' केलं, तेव्हा टॉलस्टॉय भडकला. माझ्या बालपणाच्या इतिहासाशी कोणाला काय देणंघेणं, असा त्याचा सवाल होता.

आता दुसरं टोक. डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' १८४९-५० मध्ये हप्त्याहप्त्याने आली. त्यातला डेव्हिड दहाव्या वर्षी बाटल्या धुण्याच्या कामाला लागतो. वाचकांनी ती कल्पना समजून वाचली. डिकन्स स्वतः बाराव्या वर्षी बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता आणि त्याचे वडील कर्जापायी तुरुंगात होते, हे त्याने जगापासून आयुष्यभर लपवलं. १८७० मध्ये तो गेला, त्यानंतर त्याचा मित्र फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून ते बाहेर आलं. डिकन्सने आत्मचरित्राचे काही कागद लिहून फॉर्स्टरला दाखवले होते. त्यातला मजकूर कादंबरीत जागोजागी जवळपास तसाच उतरला होता. वीस वर्षं लोक त्याचा कबुलीजबाब वाचत होते आणि तो कबुलीजबाब आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तेव्हा वाचकाला खरं-खोटं आपोआप 'जाणवतं' यावर माझा विश्वास नाही. 'किती खरं' यापेक्षा मला वेगळंच काही विचारावंसं वाटतं. लेखकाने याला कादंबरी का म्हटलं? आणि तसं म्हटल्याचा फायदा कोणाला झाला, भुर्दंड कोणाला बसला?

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. लेखक पांडुरंग, नायक श्याम. आश्रमातल्या सवंगड्यांना रोज रात्री गोष्ट सांगायची, ही रचनाही कादंबरीचीच. पण आपण पिढ्यान्‌पिढ्या ते आत्मचरित्र म्हणून वाचतोय, आणि 'यातलं खरं किती' असं कोणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही. तिथे का नाही विचारत आपण?

धुळाक्षर

चांगला धागा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तिथे कोणाचं काही बिघडत नाही. आई थोरच दाखवली आहे. सासूला खलनायिका करून बघा, लगेच चौकश्या सुरू होतील.

मराठीत या विषयावर बोलायचं तर 'झोंबी'शिवाय पुढे जाता येणार नाही. आनंद यादव, १९८७. लेखक आनंद, नायक आनंदा, गाव कागल ते कागलच. काहीच लपवलेलं नाही, तरी ती 'आत्मचरित्रात्मक कादंबरी'. पुढचे 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल' हे भागही त्याच वाटेचे. मग लपवायचं नव्हतं तर कादंबरी कशाला म्हणायचं? माझं उत्तर: संवादांसाठी. शाळा सोडून रानात राबायला लावणारा बाप तीस-पस्तीस वर्षांपूर्वी नेमकं काय बोलला, हे कोणालाच शब्दशः आठवत नाही. पण वाचकाला बाप बोलताना ऐकायचा असतो. शुद्ध आत्मचरित्रात अवतरणचिन्हं टाकली की तिथेच पहिली थाप सुरू होते. 'कादंबरी' म्हटल्याने लेखक निदान ती उघडपणे मारतो.

तिरकस_तात्या

धुळाक्षर, तुम्ही फार भले गृहस्थ दिसता. मला यात सरळ पळवाट दिसते. वाहवा झाली की "अहो, हे सगळं मी भोगलंय." चुलतभाऊ दारात येऊन उभा राहिला की "अरे, ती कादंबरी आहे." दोन्ही हातांत लाडू.

आणि बाजाराचं काय? अमेरिकेत जेम्स फ्राय या लेखकाचं व्यसनमुक्तीवरचं पुस्तक २००३ मध्ये आठवणी म्हणून आलं आणि टीव्हीवरच्या कौतुकानंतर तुफान खपलं. २००६ च्या जानेवारीत उघड झालं की त्यातल्या बऱ्याच गोष्टी फुगवलेल्या किंवा बनावट आहेत. प्रकाशकाला वाचकांना पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली. आता गंमत ऐका. ते हस्तलिखित आपण आधी कादंबरी म्हणून प्रकाशकांना दाखवलं होतं, असं लेखकच म्हणतो. मजकूर तोच, फक्त पाटी बदलली. म्हणजे 'खरं' या शब्दाला बाजारात जास्त भाव आहे आणि लेखकांना तो नीट ठाऊक आहे. तेव्हा 'किती खरं' हे वाचकाने विचारायलाच हवं. पैसे त्याने मोजलेत.

जुनी_वही

तात्या, फ्रायच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची. तिथे करार मोडला होता. फिलिप लज्यून नावाचे फ्रेंच अभ्यासक आहेत, त्यांनी १९७५ मध्ये याला करारच म्हटलं होतं. मुखपृष्ठावरचं नाव, निवेदकाचं नाव आणि नायकाचं नाव एकच असेल तर लेखक वाचकाला शब्द देतो की हा मीच. त्यांनी सगळ्या शक्यतांचा तक्ता मांडला आणि एक चौकट रिकामी राहिली: नाव तेच, पण वर 'कादंबरी' लिहिलंय. याचं उदाहरण त्यांना सुचेना. ते वाचून सर्ज दुब्रोव्हस्की या लेखकाने ती चौकट भरायचीच असं ठरवलं. १९७७ मध्ये त्याची कादंबरी आली आणि तिच्या मलपृष्ठावर 'ऑटोफिक्शन' हा शब्द पहिल्यांदा दिसला. 'झोंबी' बरीचशी त्याच चौकटीत बसते, असं मला वाटतं. मात्र आपल्याकडे ती कुठलाही सिद्धांत न वाचता लिहिली गेली.

सोनचाफा७

वाचतेय. 'कोसला'बद्दल कोणी बोलेल का? पांडुरंग सांगवीकर म्हणजे नेमाडेच ना?

धुळाक्षर

नेमाड्यांचं जन्मगाव सांगवी, तेव्हा आडनाव कुठून आलं ते उघड आहे. पुढच्या 'बिढार', 'जरीला', 'झूल'मधला चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक, एका गावाहून दुसऱ्या गावाला नोकऱ्या बदलत फिरणारा, आणि लेखकाची नोकरीही तशीच फिरतीची होती. पण म्हणून 'म्हणजे नेमाडेच' असं म्हणता येत नाही. १९६३ मध्ये 'कोसला' आली तेव्हा लेखक पंचविशीत होता. पांडुरंग सगळ्यातून हरून गावी परततो, लेखक मात्र हे सगळं लिहून बसला होता. हा फरक लहान नाही. ज्याने कादंबरी पुरी केली तो तिच्यातला हरलेला माणूस नसतो.

पायवाट

मी इथे सहसा लिहीत नाही, पण तात्यांच्या 'चुलतभाऊ दारात' या वाक्यावर लिहावंसं वाटलं.

आमच्या नात्यातल्या एकांची कादंबरी आहे. नाव सांगणार नाही. त्यात माझी आत्या आहे. नाव वेगळं, पण शिक्षिका, एका पायाने किंचित लंगडणारी, अविवाहित. आमच्या ओळखीतल्या कोणालाही पहिल्या पानावर कळतं. कादंबरीतली ती बाई आजारी वडिलांना दवाखान्यात एकटं टाकून निघून जाते. प्रत्यक्षात आत्याने आजोबांचं सगळं शेवटपर्यंत केलं. निघून गेली होती ती वेगळीच नातेवाईक. लेखकाने दोन बायकांची एक केली. का केली तेही मला वाचक म्हणून कळतं. प्रकरण त्यामुळे जबरदस्त झालंय.

लोकांना वाटतं की खरं उघड झालं म्हणून घरचे दुखावतात. आत्याला खऱ्या भागाचं काहीच वाटलं नाही. तिचं एक जुनं प्रेमप्रकरणही त्यात आहे, त्यावर ती हसली होती. तिला लागलं ते खोटं. अनोळखी वाचकाला काही फरक पडत नाही, त्याच्यासाठी सगळंच पात्र. पण ओळखीच्या माणसाला तीन भाग खरे दिसतात, मग चौथा भागही तो खराच धरतो. आणि आत्याला बोलायची सोय नाही. "मी तशी वागले नव्हते" असं म्हणायचं, तर "म्हणजे ती तूच ना" हे आधी कबूल करावं लागतं.

जुनी_वही, तुम्ही विचारलंत भुर्दंड कोणाला. बहुतेक वेळा पुस्तकात नसलेल्या माणसाला फायदा आणि असलेल्याला भुर्दंड. आमच्याकडे जी खरंच निघून गेली होती, तिचं नाव कोणी काढत नाही.

कलमदान

पायवाट, तुम्ही जे लिहिलंत त्यावर जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाला मोठा निकाल द्यावा लागला होता, म्हणून थोडं लांबण लावतो. पेशाने वकील आहे, सवय जात नाही.

माक्झिम बिलर यांची 'एझ्रा' ही कादंबरी २००३ मध्ये आली. लेखकाच्या पूर्वीच्या प्रेयसीने आणि तिच्या आईने दावा लावला की यातल्या मायलेकी आम्हीच. २००७ मध्ये निकाल लागला आणि पुस्तकावरची बंदी कायम राहिली. पण निकालातला तर्क बघण्यासारखा आहे. न्यायालय म्हणालं की वर 'कादंबरी' लिहिलंय तर आधी ती कल्पित आहे असंच धरायचं, माणूस ओळखू येत असला तरी. नुसती ओळख पटणं पुरेसं नाही. मात्र पात्र मूळ माणसाच्या जितकं जवळ, तितकी त्या माणसाच्या हक्काला जास्त इजा. आणि मजकूर जितका खाजगी, तितकं लेखकाने पात्र मूळ माणसापासून जास्त दूर न्यायला हवं. या मापाने प्रेयसी जिंकली, कारण तिचं शय्यागृह आणि मुलीचं आजारपण त्यात होतं. आई हरली. तिचं चित्रण वाईट होतं, पण ते लेखकाने रचलेलं आहे असं वाचकाने समजायला जागा होती. काही न्यायाधीशांना हा तर्क पटला नाही, त्यांनी भिन्नमत नोंदवलं.

मला स्वतःला ती मोजपट्टी अर्धीच पटते. तुमच्या आत्यासारख्या बाबतीत मूळ माणसापासून दूर नेणं हीच इजा आहे. जवळ ठेवलं असतं तर आत्या खूश होती!

त्याआधीचं मोठं प्रकरण क्लाउस मान यांच्या 'मेफिस्टो'चं. १९३६ मध्ये परागंदा असताना लिहिलेली, नाझी राजवटीत वर चढत जाणाऱ्या नटाची कादंबरी. तो नट म्हणजे गुस्टाफ ग्रुंडगेन्स, लेखकाचा एके काळचा मेहुणा. नटाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसाने बंदी मिळवली आणि १९७१ मध्ये घटनात्मक न्यायालयात मतं समसमान पडल्यामुळे ती टिकली. १९८१ मध्ये एका प्रकाशकाने सरळ छापून टाकली, तेव्हा कोणी न्यायालयात गेलं नाही. पुस्तक धडाधड खपलं.

आपल्याकडचं थोडक्यात: बदनामीसाठी नाव घ्यावंच लागतं असं नाही, वर्णनावरून माणूस ओळखू आला तरी भागतं. पूर्वीचं कलम ४९९, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६. मृत व्यक्तीबद्दलचा मजकूरही त्यात येऊ शकतो, जर त्याने घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल.

सोनचाफा७

मग 'या कथेतील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' असं लिहिलं की झालं ना?

कलमदान

नाही हो. त्या वाक्याचा उगमच एका हरलेल्या खटल्यातून झालाय. १९३२ मध्ये रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रासपुतिन या साधूवर एक हॉलिवूडपट निघाला. रासपुतिनला मारणाऱ्यांपैकी प्रिन्स युसुपॉव्ह तेव्हा जिवंत होता, त्याची बायकोही. चित्रपटातल्या एका राजकन्येवर रासपुतिन अत्याचार करतो असं सूचित केलं होतं. "ती मीच आहे असं लोक समजतात, आणि मी तर त्याला भेटलेही नाही," असा तिचा दावा. १९३४ मध्ये लंडनच्या न्यायालयात ती जिंकली, भरपाई २५,००० पौंड. चित्रपटाच्या सुरुवातीला यातली काही पात्रं अजून हयात आहेत असं मोठ्या दिमाखात लिहिलं होतं, ते कंपनीच्या चांगलंच अंगाशी आलं. त्यानंतर सगळ्यांनी उलट लिहायला सुरुवात केली. त्या ओळीने हेतू थोडाफार सिद्ध होतो, पात्र ओळखू येणं थांबत नाही.

रेवा_लिहिते

इतके प्रतिसाद झाले आणि एक गोष्ट अजून आली नाही म्हणून लिहिते. 'किती खरं' हा प्रश्न सगळ्यांना सारखा विचारला जात नाही. पुरुषाने बाहेरख्याली नायक लिहिला की त्याला मानवी मनाचा धांडोळा म्हणतात. बाईने लिहिली की "हिचं कोणाशी होतं?"

१९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने आलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलं होतं. गदारोळ झाला, आणि मजकुराइतकीच चर्चा 'ही बाई कोण' याची. त्या कथा होत्या, आत्मचरित्र नव्हतं. तरी बाळुताई खऱ्यांना, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकरांना, टोपणनावाआड राहावं लागलं, कारण लोक प्रत्येक नायिकेत लेखिकाच शोधणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता त्यांचे यजमान बघा. विश्राम बेडेकर युरोपातून बोटीने परतले आणि १९३९ मध्ये 'रणांगण' आली. युरोपातून परतणाऱ्या बोटीवरचा मराठी नायक आणि नाझींपासून पळालेली ज्यू मुलगी हॅर्टा. याहून उघड सांधा कुठला? पण 'रणांगण' आपण युद्धाची, वंशद्वेषाची, माणसाच्या तुटलेपणाची कादंबरी म्हणून वाचतो, आणि तेच योग्य आहे. एकाच घरातली दोन माणसं. एकाचं पुस्तक वाङ्मय म्हणून वाचलं गेलं, दुसरीचं आधी चौकशीचा विषय म्हणून.

म्हणून तात्या, पैसे मोजलेत म्हणून विचारणार असाल तर निदान सगळ्यांना सारखं विचारा.

तिरकस_तात्या

रेवाताई, मुद्दा बिनतोड. 'रणांगण' मी तीन वेळा वाचली असेन आणि हॅर्टा खरी होती का हे कधी मनात आलं नाही. आता आलं. धन्यवाद की काय म्हणू?

निळी_शाई

इथवरची सगळी चर्चा असं धरून चाललीय की कल्पिताची मोकळीक लेखकाला हवीच असते. काहींना ती परवडत नाही.

दया पवारांचं 'बलुतं', १९७८. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ऐकणारा आहे दया पवार. माणूस एकच. गावकुसाबाहेरचा दगडू आणि लिहू लागलेला, पांढरपेशांत वावरणारा दया असे दोन तुकडे समोरासमोर बसवलेत. ही युक्ती कादंबरीकाराचीच आहे. पण पुस्तकाने स्वतःला कादंबरी म्हणवून घेतलं नाही, आणि ते फार महत्त्वाचं होतं. कादंबरी म्हटलं असतं तर वाचकाला सटकायला जागा मिळाली असती, की लेखकाने थोडं रंगवलं असेल, इतकं काही नसतं. हे झालंय, असंच झालंय, आणि तुमच्या शेजारी झालंय, हे सांगायला साक्षच लागते.

त्याची किंमतही मोजावी लागली. आपली लक्तरं कशाला वेशीवर टांगता, असं या आत्मकथनांच्या लेखकांना आपल्याच माणसांकडून ऐकावं लागलं. खरी नावं, खरी आई, खरी वस्ती. 'अक्करमाशी'त शरणकुमार लिंबाळे स्वतःच्या जन्माची गोष्ट लिहितात तेव्हा ती आईचीही गोष्ट असते.

आणि जे लिहिलंच नाही त्याचं काय करणार? बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ चं. त्यात 'मी' कमी आणि 'आम्ही' फार. स्वतःच्या संसाराबद्दल जवळपास काहीच नाही. नवऱ्याचा मार, त्याच्यापासून लपवून केलेलं लिखाण, हे त्यांनी खूप नंतर मुलाखतीत सांगितलं. म्हणजे पुस्तकात लिहिलेलं सगळं खरं असूनही पुरं चित्र नव्हतं. टॉलस्टॉयने नसलेलं घातलं, इथे असलेलं बाहेर ठेवलं. दोन्हीकडे लेखकाने निवड केलीच ना?

जुनी_वही

निळी_शाई, 'साक्ष' या मुद्द्यासाठी मनापासून आभार. माझ्या मूळ लेखात ही बाजूच नव्हती. बाहेर ठेवण्यावरून आठवलं: फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तला सख्खा धाकटा भाऊ होता, रोबेर. सात खंडांच्या त्या महाकाय कादंबरीत आई आहे, आजी आहे, पण निवेदकाला भाऊच नाही. सगळं आईचं लक्ष एकट्याला. मला हे प्रूस्तच्या कुठल्याही वाक्याइतकंच बोलकं वाटतं.

हिमरेषा

नॉर्वेबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून! कार्ल ओवे क्नाउसगोर यांची सहा खंडांची कादंबरी २००९ ते २०११ मध्ये आली. बहुतेक खरी नावं, वडिलांचा दारूत झालेला शेवट, बायकोचं आजारपण, सगळं. वडिलांकडच्या नातेवाइकांनी जाहीर निषेध केला, काकांनी कोर्टाची धमकी दिली. सहाव्या खंडात लेखकाने त्या काकांच्या रागाचीच गोष्ट लिहिली! पहिल्या बायकोने मग रेडिओवर स्वतःची बाजू मांडणारा कार्यक्रम केला.

पण मला त्याहून आवडतं ते विग्दिस योर्थ यांचं प्रकरण. २०१६ च्या त्यांच्या कादंबरीत वारसाहक्काच्या भांडणातून वडिलांनी केलेल्या लैंगिक अत्याचाराचा आरोप पुढे येतो. लोकांनी ते लेखिकेचंच घर धरलं. ही कादंबरी आहे, असं लेखिका म्हणत राहिली. पुढच्याच वर्षी तिच्या बहिणीने, जी वकील आहे, स्वतः एक कादंबरी लिहिली. तिची नायिका कोण? एका लेखिकेने आपल्या कादंबरीत कुटुंबाला बदनाम केलं म्हणून पोळलेली बहीण. ती खटला भरू शकली असती. तिने कादंबरीला उत्तर कादंबरीनेच दिलं.

तिरकस_तात्या

म्हणजे पायवाट यांच्या आत्याने आता कादंबरी लिहायला घ्यायची? मी पहिली प्रत विकत घेतो.

पायवाट

आत्याला दाखवलं हे. म्हणाली, "तात्यांना सांग, मी लिहिली तर त्यात तेही येतील."

अर्धवट_लेखक

हे सगळं वाचून माझी झोप उडालीय, कारण मी सध्या नेमकं हेच लिहितोय. आतल्या बाजूने काय होतं ते सांगतो.

वाचकाला वाटतं की लेखक जाणूनबुजून खोटं मिसळतो. माझा अनुभव असा की खोटं कारणांमधून शिरतं. आयुष्यात माणसं काहीही कारण नसताना काहीही करतात. माझ्या वडिलांनी चांगली नोकरी एक दिवस सोडली. का सोडली, ते ना आईला कळलं ना आम्हाला. घरात चालून जातं. कादंबरीत वाचक विचारतो, का? मग मी कारण रचतो. अपमान झाला होता असं लिहिलं. तो अपमान दाखवायचा म्हणून साहेब आला. साहेब आला म्हणून एक प्रसंग आला. आता गंमत अशी झालीय की वडिलांचा विचार करताना मलाच तो अपमान आठवतो, जो कधी झालाच नव्हता. खऱ्या आठवणीच्या जागी प्रकरण येऊन बसलंय. 'किती खरं' असं मला उद्या कोणी विचारलं तर मी प्रामाणिकपणेसुद्धा चुकीचंच उत्तर देईन.

नावं बदलण्याबद्दलही एक निरीक्षण आहे. नाव बदललं की पात्र लगेच हलतं. खरं नाव होतं तोवर ते माझ्या धाकातच राहिलं नाही, वास्तवच त्याला धरून होतं. त्यामुळे लोक समजतात तसं नाव बदलणं हे फक्त लपवण्यासाठी नसतं.

आता माझा खरा प्रश्न. कादंबरीत बहीण आहे. छापण्याआधी तिला वाचायला द्यावी की नाही?

रेवा_लिहिते

देऊ नका असं बरेच लेखक सांगतील, कारण एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागते आणि मग पुस्तक घरच्यांच्या बैठकीत लिहिलं जातं. मला ते अर्धं पटतं.

कलमदान

कायद्याने बांधील नाही. व्यवहाराने, द्या.

डिकन्सचंच बघा. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये एक ठेंगणी बाई आहे, आधी लबाड दाखवलेली. डिकन्सच्या शेजारच्या एका बाईने स्वतःला त्यात ओळखलं आणि पत्र लिहिलं की तुम्ही माझ्या शरीराची थट्टा मांडली आहे. कादंबरी हप्त्यांनी चालली होती, म्हणून पुढच्या भागांत त्याने ते पात्र सरळ भलं करून टाकलं. वाचताना तो सांधा अजूनही खटकतो, पण बाईंना न्याय मिळाला. तुम्हाला छापल्यावर ती सोय नाही.

पायवाट

द्या. पण परवानगी मागू नका, नाहीतर ती नुसतं "चालेल" म्हणेल आणि मनात ठेवेल. यातलं काय चुकलंय असं विचारा. आत्याला कोणी तसं विचारलं असतं तर ती म्हणाली असती, बाकी सगळं ठेव, ते दवाखान्याचं तेवढं माझ्या अंगावर टाकू नकोस.

अर्धवट_लेखक

आणि तेच प्रकरण कादंबरीचा कणा असेल तर?

पायवाट

मग प्रकरण ठेवा आणि माणूस बदला. शिक्षिका नको, लंगडणं नको. त्या लेखकाला लंगडणं सोडवलं नाही, कारण ते पानावर छान दिसत होतं. माझा सगळा राग त्या एका गोष्टीवर आहे.

अर्धवट_लेखक

बहीण गाणं शिकवते. कादंबरीतही तेच आहे, आणि ते काढलं तर मधली बरीच प्रकरणं कोसळतात. आधी तिला त्या प्रकरणांपुरतं तरी देतो. ती काय म्हणते ते इथे लिहिणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

तिरकस_तात्या

नकाच लिहू. कादंबरीत येईलच की.